मुकादमाचा चहा

गाला, मस्कत
६ मार्च १९९८

चि. जितेश,

चोरीचा खोटा आळ घेऊन मुकादमाने तुला गावी धाडलं, ते आपण दोघंही विसरलेलो नाही. तेव्हा त्याच्या टपरीचा चहा फक्त आपल्या कोकणी मेसने सोडला. केरळी आणि तमिळ मेस पीतच राहिल्या.

गेल्या शुक्रवारी सगळ्यांना अमेरिकेची गोष्ट सांगितली. तिथल्या तेरा वसाहतीही अशाच भांडायच्या. एकीचा पहिला बेत त्यांनीच फेटाळला आणि राजाचं फावलं. पुढे सगळ्यांनी मिळून त्याचा माल नाकारला.

केरळी कुट्टन उठला. "भाई, कल से चाय खलास!"

आठवडाभर मुकादम चहा गटारात ओततोय. मला तेवढ्याने पुरे नाही. त्याला मालकासमोर, खुद्द अर्बाबासमोर उभा करणार.

आईचा गुडघा कसा आहे? मी मजेत आहे म्हण, बाकी बोलू नकोस.

तक्रारीवर तिन्ही मेस सह्या करतील, पण पहिली तुझी हवी. खरी हकीकत लिही, सही कर आणि उद्याच पोस्टात टाक.

तुझा दादा,
दिगंबर