नुसत्या जेलने मरत नाहीत

मी, ग्वेंडा पॅस्को, राहणार पोर्ट ह्यूज, दक्षिण ऑस्ट्रेलिया, निवृत्त जंतुसंशोधक, अ‍ॅडलेडच्या एका इस्पितळात खाटेवर पडून हे लिहून ठेवत आहे. शरीर माझ्या ताब्यात राहिलेलं नाही, डोकं आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. याआधीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. समुद्राकाठचं घर सामानासकट माझी भाची टॅमसिन हिला द्यावं. मागच्या खोलीचं छप्पर गळतं. ते दुरुस्त करीन करीन म्हणत राहून गेलं.

२. माझे छापील लेख कोणी जपू नयेत. विद्यापीठात ते आहेतच. इस्पितळातच लागण होणाऱ्या आतड्याच्या रोगावर मी जन्मभर लिहिलं. अँटिबायोटिकने पोटातले चांगले जंतू मेले की या रोगाचा जंतू शिरतो. तो कडक कवच धरून बसतो, म्हणून हातांना चोळायच्या जेलने मरत नाही. साबण-पाण्याने धुऊनच काढावा लागतो. एवढंच माझं म्हणणं होतं आणि ते सगळ्यांना पटलेलं आहे.

३. शिल्लक रकमेतून या वॉर्डात हात धुण्याचं बेसिन बसवावं, असं इथे लिहिलं होतं. त्या भिंतीत नळ नेता येत नाही, असं व्यवस्थापनाने नम्रपणे कळवलं. कलम खोडलं आहे.

४. ती रक्कम बारोसाच्या श्रीमती एल्फ्रीडा विल्क्श यांना द्यावी. कारण सांगते.

मी खुब्याच्या ऑपरेशनसाठी आले होते. शेजारच्या खाटेवर त्यांचे यजमान ऑटो होते, द्राक्षबागायतदार, पित्ताशय काढून घरी निघायच्या बेतात. मला जुलाब सुरू झाले आणि वासावरूनच मी ओळखलं. तरुण डॉक्टर मला तपासून ऑटोंकडे वळला, तेव्हा मी म्हणाले, "आधी साबणाने हात धुऊन या. मला तोच रोग झालाय."

"रिपोर्ट येऊ दे, ग्वेंडा. आणि हे बघा, जेल लावलं की मी."

"जेलने जात नाही तो. मी लिहिलंय त्यावर."

"म्हणजे त्या पॅस्को तुम्ही? आम्हाला परीक्षेला होता तुमचा लेख!" त्याला मनापासून आनंद झाला होता. त्याच हाताने त्याने ऑटोंची चादर बाजूला केली. बेसिन पार व्हरांड्याच्या टोकाला आणि सगळा वॉर्ड त्याच्या एकट्याच्या गळ्यात. मी घंटा दाबत राहिले. उठता येत नव्हतं.

ऑटो घरी गेलेच नाहीत. त्यांचे कपडे न्यायला आलेल्या एल्फ्रीडाबाई, मला एव्हाना हलवलं होतं त्या वेगळ्या खोलीच्या दाराशी थांबल्या. "तुम्ही यातल्या ना? हात धुतले असते तर वाचले असते का हो?"

"बहुतेक वाचले असते," मी म्हणाले. त्या ऑटोंचा स्वेटर घडी करत राहिल्या. घातलेली घडी मोडून पुन्हा घालत राहिल्या.

ही रक्कम भरपाई म्हणून देत नाही. डॉक्टरचं नाव कोणीही मला विचारू नये.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझा थोरला भाऊ क्लेम याने करावी. वडिलांची खेकड्यांची बोट त्याने मला न विचारता विकली. तेव्हापासून आमचं बोलणं नव्हतं. काल तो आला. मी काही बोलणार तोच माझ्याच्याने धरवलं नाही आणि सगळी चादर भरली. मी त्याला बाहेर जायला सांगितलं.

"नर्स येईस्तोवर अशीच पडणार होय?" तो म्हणाला. हातमोजे चढवून त्याने मला कुशीवर वळवलं आणि पुसून काढलं. "तू लहान असताना आई मलाच हाका मारायची, ग्वेन. विसरलीस?"

तो जाईस्तोवर मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्या बोटीवरचा माझा हक्क मी सोडत आहे. हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावं.

सही: ग्वेंडा पॅस्को
आमच्या दोघांच्या समक्ष सही केली.
साक्षीदार: १. मोरॅग टिलब्रूक, परिचारिका २. ईनिस हॅबल, वकील
अ‍ॅडलेड, १४ ऑगस्ट २०१८