चाफोळीची वाट

टिळकवाडी, बेळगाव
मार्चअखेर

प्रिय गोमटेश,

फोन केला तर तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी "बरं आहे आक्का, नंतर बोलतो" एवढंच म्हणतोस. म्हणून आज कागद घेऊन बसले आहे. हे मोबाइलवर लिहून पाठवण्यासारखं नाही. सवडीनं वाच. रचनाला दाखवायचं की नाही ते तू ठरव, पण आधी तू स्वतः शेवटपर्यंत वाच.

इकडं तसं ठीक आहे. अण्णांच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. आता निपाणीच्या स्टँडवर बसची पाटी लांबूनच वाचता येते म्हणून खूश असतात. आईची कंबर आहे तशीच. आमच्या दिव्याची कॉलेजची परीक्षा जवळ आली आहे आणि ती अभ्यास सोडून बाकी सगळं करते आहे. तिनं टाकलेले फोटो तू पाहिले असशीलच. लाल धुळीनं माखलेली जीप, पुढच्या सीटवर टोपी घातलेले अण्णा, मागं उशांच्या ढिगात बसलेली आई. फोटो बघून तुला वाटलं असेल, या वयात या दोघांना घेऊन जंगलात शिरायला आक्काला वेड लागलंय. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

तुझ्या दाजींचं जीपचं वेड तुला माहीत आहे. सहा दिवस बँकेत मान खाली घालून बसायचं आणि रविवार आला की मित्रांबरोबर खानापूरकडच्या जंगलात, जिथं रस्ता नाही तिथं मुद्दाम गाडी घालायची. जानेवारीत आई-अण्णा डोळ्यांच्या तपासणीसाठी आमच्याकडे होते. एका दुपारी दाजींनी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता. मित्रांच्या बायकामुलांना घेऊन जांबोटीच्या पुढं कुठं जाता येईल ते बघत होते. आई शेजारी पावटे सोलत होती. एकदम म्हणाली, "चाफोळी लागती का हो त्या वाटंला?" दाजींनी बोट फिरवत गाव शोधून काढलं आणि म्हणाले, "वाटेवर नाही, पण आत वळलं तर जाता येईल. तुम्ही दोघं येणार का?" ते गमतीनं म्हणाले होते. आई मात्र म्हणाली, "येतो की." तिकडून अण्णा खुर्चीतून उठले. "ते काय नको," म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

अण्णांची पहिली नेमणूक चाफोळीच्या मराठी शाळेत होती, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या पुढं मात्र काही ठाऊक नाही. आठवतं, आपण लहानपणी खोदून खोदून विचारायचो, वाघ होता का, अस्वल दिसायचं का? अण्णा म्हणायचे, "जंगल होतं. पाऊस लई होता." तेवढंच. आई तर उठून आतच जायची. ज्या गावाचं नाव या घरात कुणी काढत नव्हतं, तिथं आई या वयात जायचं म्हणते, याचं मला आश्चर्य वाटलं. पण म्हटलं, म्हातारपणी माणसाला जुन्या जागा आठवतात, तसं असेल.

अण्णा दोन-तीन दिवस आईशी धड बोलले नाहीत. मग एका सकाळी चहा घेताना दाजींना म्हणाले, "परवानगी काढायला कुणाकडं जावं लागतंय?" वनखात्याचा अर्ज त्यांनी स्वतः कन्नडमध्ये लिहिला, त्यांच्या त्या वळणदार अक्षरात. चाफोळीतल्या मारुतीरावांचा नंबरही त्यांनीच कुठून तरी मिळवला. मारुतीराव त्यांचे विद्यार्थी. आता त्यांनाही नातवंडं आहेत. फोनवर अण्णा नाव सांगून थांबले, आणि मग बराच वेळ नुसतं "व्हय… व्हय रं…" म्हणत राहिले.

आता विरोध मी केला. हाडांच्या डॉक्टरांनी आईला धक्के चालणार नाहीत म्हणून स्पष्ट सांगितलं होतं. मी म्हटलं, आई, तुला बाथरूमपर्यंत जाताना भिंत धरावी लागते, जीपमध्ये कशी बसशील? तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू न्हेणार नसशील तर मी जांबोटीपतोर बसनं जाईन. म्होरं चालत." आवाज चढवला नाही. पण मला कळलं, ही खरंच जाईल.

मग तयारी सुरू झाली. अशा सहलीला लोक दोर, फावडी, जास्तीचं टायर घेतात. आम्ही ते घेतलंच, पण त्याशिवाय घेतला जीपमध्ये चढायला एक चौरंग, कमरेचा पट्टा, गाळलेल्या पाण्याचा कॅन, शौचासाठी मधे भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची आणि आडोशाला जुनं लुगडं. आई सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही, त्यामुळं सगळा बेत त्या हिशेबानं आखला. जेवण दुपारीच, परतताना उजेडातच थोडं खाणं, अडकलो तर काय, हेही. दाजींनी आधी एका रविवारी आईला काकतीच्या पलीकडच्या शेतरस्त्यांवर फिरवून आणलं, तिला कितपत सोसतं ते बघायला. आई पुढचा दांडा घट्ट धरून बसली होती. प्रत्येक खड्ड्याला ती ओठ आवळत होती आणि दाजींनी विचारलं की ती म्हणायची, "कायबी न्हाय, चला." उतरल्यावर तिला सरळ उभं राहता येईना. तरी रात्री मला म्हणाली, "बघ, जमलं की."

मार्चच्या पहिल्या रविवारी आम्ही निघालो. खानापूर सोडलं, जांबोटी मागं पडली, डांबर संपलं. पुढं लाल माती, वर आलेले दगड आणि दोन्ही बाजूंनी अंगावर येणारी झाडी. दाजी चालण्याच्या गतीनं गाडी हाकत होते. अण्णा पुढं बसून "डावीकडं घ्या", "हितं दगूड हाय" असं सांगत होते, जणू कालच या वाटेवरून गेलेत. आईनं डोळे मिटून घेतले होते. तिचा हात दिव्याच्या हातात होता.

एका वळणावर ओढा लागला. मार्चमधला ओढा तो, दगडांवरून घोट्याएवढं पाणी वाहत होतं. दाजींनी चाकं पाण्यात घालायच्या आधीच अण्णा म्हणाले, "थांबवा." आम्हाला वाटलं, त्यांना लघवीला जायचं असेल. अण्णा उतरले, काठापर्यंत गेले आणि तिथं उभेच राहिले. मी जवळ गेले. त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, "हितनं पलीकडं जायचं होतं मला. तिला घेऊन. पोटाशी बांधली होती. मारुतीच्या बापानं दोर टाकून मागं वडलं. म्हणला, गुरुजी, दोघंबी जाशिला." मी विचारलं, "कुणाला, अण्णा? कुणाला बांधलं होतं?" ते म्हणाले, "चंदनाला. तुमची थोरली."

गोमटेश, आपल्याला एक बहीण होती. माझ्याआधी. चाफोळीतच जन्मली. आषाढात तिला ताप भरला. डॉक्टर जांबोटीला. ओढा दोन्ही काठ सोडून वाहत होता आणि पाणी उतरायचं नाव घेईना. गावातल्या बायका काढे देत होत्या, आई तिला मांडीवर घेऊन णमोकार मंत्र म्हणत होती. पाणी उतरलं तेव्हा तिला पलीकडं न्यायचं कारण उरलं नव्हतं.

मला काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही. मी घरातली मोठी. आयुष्यभर तुझ्यावर त्या मोठेपणाचा रुबाब केला. त्या ओढ्याच्या काठी उभं राहून पहिल्यांदा कळलं की माझ्याआधी कुणीतरी होतं आणि आई मला "थोरली" असं कधीच का म्हणाली नाही. पाहुण्यांसमोर ती नेहमी "ही आमची ब्राह्मी" एवढंच म्हणायची. आठवून बघ.

मारुतीराव पलीकडच्या काठावर उभे होते. अण्णांना बघून ते पाण्यातनंच चालत आले आणि पायाला हात लावला. म्हणाले, "गुरुजी, वाट काढून ठिवलीया. बाईस्नी चालायला नगं, गाडी तितंपतोर जाती." शाळेच्या मागं थोडा चढ आहे, तिथं एक आवळ्याचं झाड आहे. त्याच्याखालचा पाला झाडून काढलेला होता. एक सपाट दगड, बाकी काही नाही. आईला मी विचारलं, तुला जागा आठवते? तिच्याऐवजी मारुतीराव बोलले. "माजी आय होती तवर दर आकितीच्या सणाला हितं पानी घालून जायची. आता आमची मंडळी घालत्यात. पोरीची जागा हाय, इसरून कसं चालंल?"

हे ऐकल्यावर आई खाली बसली. तिला जमिनीवर बसायला मनाई आहे, आम्ही कुणी तिला अडवलं नाही. तिनं हार आणला नव्हता, उदबत्ती आणली नव्हती. दगडावर तळहात टेकून ती बसून राहिली. अण्णा थोडे लांब उभे होते. मग तेही आले, एका गुडघ्यावर कसेबसे टेकले आणि तिच्या शेजारी बसले. मी त्या दोघांना असं खेटून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. आई रडली, पण मोठ्यानं नाही. अण्णा मात्र, गोमटेश, लहान मुलासारखे रडले. ते म्हणत होते, "दोर सोडायला पायजे हुता मी." आणि आई त्यांच्या पाठीवर हात फिरवत म्हणत होती, "मग मी कुणासंगं जगले असते?"

नंतर आई बोलायला लागली ती थांबेना. चंदना भिंत धरून उभी राहायला लागली होती. शाळेची घंटा वाजली की मान वळवायची. गूळ चाटवला की डोळे बारीक करायची. दिव्यानं विचारलं, "कुणासारखी दिसायची, आज्जी?" आई म्हणाली, "गोमटेशसारखी. कान तसंच." जेवणाचे डबे तिथंच उघडले. परतताना ओढ्यात चाक अडकलं. दाजी आणि मारुतीराव ढकलत होते, तेव्हाही आई बोलतच होती. कंबर दुखत असणारच, पण तिनं एकदाही नाव काढलं नाही. संकेश्वरच्या मावशीपासून निपाणीच्या शेजाऱ्यांपर्यंत कुणापुढंही जे बोलली नव्हती, ते सगळं तिनं त्या दिवशी आम्हाला दिलं.

आता हे पत्र का लिहिते आहे ते सांगते. डिसेंबरात तुमची मुलगी बारशाआधीच गेली. मी आणि दाजी हैदराबादला आलो, आई-अण्णांना प्रवास झेपणार नाही म्हणून ते निपाणीतच राहिले. आईनं तुला फोन केला. ती तुला काय म्हणाली आणि तू काय म्हणालास, हे मला चाफोळीला जाईपर्यंत माहीत नव्हतं. ती म्हणाली होती, "वय हाय अजून तुमचं, हुईल दुसरं." आणि तू म्हणालास, "तुला काय कळणार आई, तुझी दोन्ही जगली." मग तू फोन ठेवलास. मी तुला बोल लावत नाही, आईही लावत नाही. त्या रात्रीपासून तिच्या मनात चाफोळी होती. जीपमधून परत येताना तिनं मला सांगितलं, "आम्ही हितनं निपाणीला गेलो तवा सगळी मला हेच म्हणली. हुईल दुसरं. एकानं पोरीचं नाव घेतलं न्हाय. मी मनात म्हणायची, ह्यास्नी काय कळतंय. आणि त्याच तोंडानं माझ्या लेकराला मी तेच बोलले गं. त्याला लिही. मला फोनवर सांगता यायचं न्हाय." म्हणून लिहिलं. दुसरं होण्याबद्दल आता या घरात तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही. तुम्ही बोलवाल तेव्हा आई-अण्णा येतील, नाही बोलावलंत तर थांबतील. फक्त एक विचारायचं राहिलंय, आणि आई रोज मला त्याची आठवण करून देते. तुम्ही दोघांनी मुलीसाठी काही नाव ठरवलं होतं का? आम्हा कुणालाच विचारायचं सुचलं नाही. रचनाला विचारून कळव. आईला आपल्या नातीला नावानं हाक मारायची आहे.

तुझीच,
ब्राह्मी आक्का