कानावरचा निळा दिवा

३ मार्च, सोमवार

दिवसभरात पाच वेळा मेलो. पाचही वेळा मागून गोळी.

सकाळी आमच्या कॉम्प्युटरवरच्या बंदुकांच्या खेळाचं नवीन अपडेट आलं आणि त्यांनी आवाजच बदलून टाकला. आतापर्यंत आवाज दोनच बाजूंनी यायचा — डावीकडून नाहीतर उजवीकडून. बाकीचं आपण डोक्याने जुळवायचं. पावलं उजवीकडे, दबकी, लाकडावर — म्हणजे खेळातल्या जुन्या गिरणीच्या माळ्यावर कोणीतरी सरकतंय. हे मला जमायचं. हे जमतं म्हणूनच तर या टीमने मला नेटकॅफेतून उचलून शांघायला आणलं. आता म्हणे आवाज सगळीकडून येणार. पुढून, मागून, डोक्यावरून, पायाखालून.

हान कोच फळ्यावर माणसाचं डोकं काढून भोवती बाण मारत होते. "आवाज कानाच्या पाळीवर जसा आदळतो ना, तसा हिशेब करून पाठवतात. त्यातल्या बारीक आवाजांवरून वर-खाली, मागे-पुढे ओळखू येतं. डोळे मिटून बसलात तरी कळेल कोण कुठे आहे."

मी डोळे उघडे ठेवले होते तरी काही कळलं नाही. सगळा आवाज पत्र्याच्या डब्यात कोंबल्यासारखा.

देंगदादा, आमचा कॅप्टन, म्हणाला, "होईल सवय." त्याचं काय जातंय? तो बघून मारतो. मी ऐकून मारतो.

५ मार्च

पुन्हा तेच. गिरणीच्या दाराशी उभा होतो. पावलं ऐकली, माइकवर सांगितलं — वर आहे, माळ्यावर. चौघंही बंदुका वर रोखून उभे राहिले. तो तळघरातून आला. एका दमात पाचही जणांना झोपवलं त्याने.

देंगदादाने लगेच पुढचा राउंड लावला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ही गोष्ट स्वयंपाकघरापर्यंत कशी पोचली देव जाणे. छिन मावशी भात वाढता वाढता म्हणते, "काय रे घुबडा, तुला वरचं खाली वाटायला लागलं म्हणे? वटवाघूळ झालास की काय?" सगळं टेबल हसलं. घुबड हे माझं खेळातलं नाव. अंधारात पाऊल ऐकतो म्हणून पडलेलं. प्रेक्षक तेच ओरडतात, टीशर्टवर तेच छापलंय.

भाजीत पुन्हा साखर. या शहरात माणसं मिरची खात नाहीत म्हणून अशी गुळमुळीत बोलतात. अर्धा भात टाकून उठलो.

७ मार्च

आज माझ्या जागेवर फानला बसवलं. "दोनच राउंड, बघूया," कोच म्हणाले. दोनाचे सहा झाले.

फान आमचा राखीव खेळाडू. एकोणीस वर्षांचा. बोलतो असा, की बसमध्ये पुढचा थांबा सांगतोय. "मागे एक. शिडीवर एक. खाली, पाइपजवळ." आणि असायचा तिथे! प्रत्येक वेळी असायचा.

मी मागे उभा राहून बघत होतो. खेळ संपल्यावर मला म्हणतो, "दादा, तुम्ही सांगता तसंच सांगायला बघत होतो." चिडवत नव्हता. मनापासून म्हणाला. कानाखाली द्यावीशी वाटली.

१० मार्च

कोचनी खोलीत बोलावलं. पात्रता फेरी महिन्याच्या शेवटी आहे. पाच नावं चोवीस तारखेला द्यायची. माझं नाव नसेल तर करार या महिन्याबरोबर संपतो, पुढचा नाही. हे सगळं ते चहा ओतता ओतता बोलले.

मी म्हटलं, माझ्याच कानांवर तुम्ही मागच्या वर्षी उपांत्य फेरी गाठली.

"गाठली ना. तो खेळ वेगळा होता, लोंग."

आतापर्यंत मी त्यांचा 'छोटा लोंग' होतो. आज नुसता लोंग.

खाली येऊन मामाला फोन केला. का केला कुणास ठाऊक. मामा निंगबोला पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर आहे. शाळा सुटल्यावर पंधराव्या वर्षी मीही तिथेच लागलो होतो. तीन वर्षं वॉशिंग मशीनची पाठ दाबून काढत होतो. प्रेसच्या दणक्यात तिथे आत कोणी तोंडाने बोलत नाही, सगळे हातवारे करतात. मामाशी फोनवर बोलायचं तर गल्ली गोळा होईल इतकं ओरडावं लागतं.

"जागा आहे रे!" मामा खूश होऊन ओरडला. "फोरमनला तू आठवतोस. केव्हा येतोस?"

फोन ठेवून दिला. मला हे हवं होतं का? नाही. मग विचारलं कशाला? गाढव आहे मी.

१२ मार्च

आवाज आणखी वाढवून बघितला. फरक शून्य. देंगदादा म्हणाला, "तुझे हेडफोन माझ्या माइकमध्ये वाजतात, कमी कर." केला नाही.

१५ मार्च, शनिवार

सापडलं!

आम्हा पाच जणांना स्पॉन्सर कंपनीने नवे हेडफोन दिलेत. कानाभोवती निळा दिवा गोल पेटतो. कॅमेऱ्यासमोर तो पेटलेला दिसलाच पाहिजे, करारात तसं आहे. आणि आमचा दुपारचा सरावही नेटवर थेट जातो, म्हणजे दिवा सतत चालू. फान कॅमेऱ्यात नसतो. त्याला जुने काळे हेडफोन मिळालेत, दिवा-बिवा काही नाही.

तो खाली पार्सल आणायला गेला होता. मी त्याचे हेडफोन कानाला लावले. त्याच्याच खुर्चीवर बसून गिरणीत एक फेरी मारली.

कानातला मळ निघाल्यासारखं झालं. डावं ते डावं, उजवं ते उजवं. कुठे डबा नाही, घुमणं नाही. दोन आठवडे पाण्यात बुडून होतो आणि कोणी मानगूट धरून वर काढलं.

फान दारात उभा राहून बघत होता. मी म्हटलं, काय आहे यात?

"यात काही नाही, दादा. तुमच्यात आहे. तुमचा दिवा आणि हेडफोनचा सराउंड, म्हणजे आवाज चहूबाजूंनी आल्यासारखा करणारी सोय, एकाच बटणावर आहेत. दिवा लावला की तोही सुरू होतो. खेळाचा आता स्वतःचा सराउंड आहे. त्याने सगळा हिशेब करून पाठवलेल्या आवाजाचा तुमचा हेडफोन परत हिशेब करतो."

चष्म्यावर चष्मा! आणि आम्ही पाच जण तो घालून सुईत दोरा ओवतोय.

"तुला केव्हापासून माहीत आहे?"

"अपडेट आलं तेव्हापासून."

"मग तोंडात काय धरून बसला होतास?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "आधी वाटलं तुम्हाला माहीत असेल. मग... मला जागा हवी होती, दादा."

गचांडी धरली त्याची. पार्सल पडलं, त्याच्या आईने पाठवलेली खारवलेली बदकाची अंडी होती, फुटली सगळी. देंगदादाने येऊन सोडवलं. खरं सांगतो, तो खोटं बोलला असता तर मी मारलाच असता. खरं बोलला म्हणून हात खाली आला. आणि त्याचाच राग अजून उतरत नाहीये.

१६ मार्च

ओयांग ताईशी भांडलो. ताई टीमची मॅनेजर, स्पॉन्सरचं सगळं तीच बघते. मी म्हटलं, दिवा बंद करा, आम्ही आंधळे होऊन खेळतोय.

"दिवा बंद दिसला की लोकांना वाटतं हेडफोन बंद पडला."

"वाटू दे!"

"छोट्या लोंग, कंपनीने पैसे दिव्याचे दिलेत. तुझ्या कानांचे नाही."

असं म्हणाली. हसून म्हणाली. मी टेबलावर हात आपटला, तिचा कप उलटला. कोच खिडकीबाहेर बघत राहिले. एवढे मोठे कोच, डोक्याभोवती बाण काढणारे! कोणाच्याच मनात आलं नाही बटणावर काय आहे ते बघायचं. सगळे दिवा बघत बसलेले.

मग देंगदादा सावकाश उठला. "ताई, मंगळवारी थेट प्रक्षेपण नाही. त्या दिवशी बंद ठेवून खेळतो. हरलो तर पुन्हा नाव काढणार नाही."

१८ मार्च, मंगळवार

जिंकलो. तिन्ही मॅच. समोर कालपरवापर्यंत आम्हाला पोत्यासारखं बडवणारी टीम.

चौघं असे खेळले की ओळखू येईनात. देंगदादा तर मागे न बघता मागे मारत होता. मी म्हटलं होतं ना? म्हटलं होतं! दोन आठवडे मला मूर्खात काढत होते सगळे. कोच येऊन पाठीवर हात ठेवून म्हणाले, "घुबडा, तू बरोबर होतास." मी हात झटकला. आता गोड बोलायचं काम नाही.

दिव्याचं देंगदादाने जमवलं. सायकलच्या चाकाला लावतात ती निळ्या दिव्यांची पट्टी आणली, बारकी बॅटरी मागे दडवली, पाचही हेडफोनवर गोल चिकटवली. ओयांग ताईने जवळून बघितलं, कॅमेऱ्यातून बघितलं. "मी काही बघितलेलं नाही," म्हणाली आणि निघून गेली. छिन मावशीने माझ्यासाठी आंबट माशाचा रस्सा केला, आमच्या गावाकडे डोंगरात करतात तसा. मिरचीसकट. तिला कोणी सांगितलं? देंगदादानेच असणार.

मी स्वतः आज फारसं मारलं नाही. दोनदा वरचं खाली झालं. चालायचंच, दोन आठवड्यांची खोड एका दिवसात जात नाही.

२१ मार्च

कोचनी आज नवीन प्रकार काढला. पाच जण ओळीने बसवले, डोळ्यांवर फडकी. फान गिरणीत शत्रू होऊन फिरणार, पावलं वाजली की जिथून येतात तिकडे बोट करायचं. लहान पोरांचा खेळ. मी हसलो.

पावलं वाजली. मी बोट वर केलं. कोच म्हणाले, फडकी काढा.

चौघांची बोटं जमिनीकडे होती.

"परत," मी म्हटलं. परत केलं. यावेळी मी मागे दाखवलं, ते पुढे. परत. मग मी फडकं फेकून दिलं. फान मुद्दाम करतोय म्हणालो. हेडफोन खराब आहे म्हणालो. देंगदादाने स्वतःचा काढून माझ्या डोक्यावर ठेवला, माझा आपण घातला. परत. त्याचं बोट खाली, माझं वर.

"मूळचा दिवा बंद आहे ना?" मी विचारलं.

"बंद आहे."

"नीट बघ!"

"बंद आहे रे, छोट्या." इतकं हळू बोलला की ते शब्द मला त्याच्या ओठांवरून कळले.

खुर्चीला लाथ घातली. अंगठा सुजलाय. डावं-उजवं तर मला अजून त्यांच्याआधी कळतं! गिरणीतली पायरीन् पायरी मला पाठ आहे! मग हे काय नाटक आहे? हे मला काढायला बसलेत. आधी दिव्याने, आता फडक्याने.

वरच्या खोलीत येऊन दार लावून घेतलं. जेवायला गेलो नाही. कोच दाराबाहेरून म्हणाले, "उद्या सकाळी माझ्याबरोबर चल."

"कुठे?"

"चल तर."

२२ मार्च, शनिवार

कानांचा दवाखाना. काचेची लहान खोली, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीचे जाडे आवाज आले. दाबलं, दाबलं. मग मशीन थांबलं. मी बटणावर अंगठा ठेवून पुढच्याची वाट बघत बसलो. श्वाससुद्धा रोखून धरला होता.

तपासणाऱ्या बाईंनी दार उघडलं. "या बाहेर. झालं."

मी म्हटलं, बारीक आवाज राहिलेत ना अजून.

"वाजवले," त्या म्हणाल्या. "दोन्ही कानांत. सगळे वाजवले."