हात वर झाल्याशिवाय

५ जानेवारी, रविवार
बोटं अजून वाकत नाहीयेत, म्हणून अक्षर असं. तळ्याच्या काठाला बर्फाचा पापुद्रा धरला होता, तरी शर्यत झालीच. ह्यांना कोण सांगणार? टोपी कानांपर्यंत ओढून, शिट्टी तोंडात धरून धक्क्यावर उभे. पंच ना! मी नेहमीसारखी बचावाच्या मोटारबोटीत, सोबत बेकरीवाला. मी बोट चालवायची, वेळ आली तर त्याने पाण्यात उडी मारायची.

या कॅटमरान म्हणजे दोन सडपातळ होड्या आणि मध्ये ताणलेली जाळी. पळतात छान, पण जोराची झुळूक आली की आडव्या. आज चार उलटल्या. त्यात एक चिंगीची.

आमचा नियम साधा आहे. उलटलेल्याने डोक्यावर हात ठेवला, तर ‘ठीक आहे’. हात वर केला, तर ‘या’. हात वर झाल्याशिवाय आम्ही शिवायचं नाही. शिवलो की ते शर्यतीतून बाद. माझ्या लेकीने डोक्यावर हात ठेवला, आणि मी घिरट्या घालत बसले. जावई उलट्या बोटीवर चढून ओरडत होते. ही पाण्यात. गार पाण्यावरून आवाज फार लांब येतो — ‘अक्कल गहाण ठेवलीस का?’ बेकरीवाला गुंडाळलेलाच दोर पुन्हा गुंडाळायला लागला.

७ जानेवारी
लग्नाआधी सुकाणू चिंगीकडे असायचं. काय चालवायची पोरगी! आता ती पुढे. शीड ओढायचं, दोराला लटकून बाहेर झुकायचं आणि बोलणी खायची. तू का नाही चालवत, विचारलं. म्हणाली, ‘तो पुढे बसला की चिडतो गं.’

ह्यांच्या कानावर घातलं. हे म्हणाले, नवराबायकोत पडू नये, आपलं काय कमी वाजलंय का. वाजलंय. पण मला कुणी असं बोललं असतं तर वल्हं डोक्यात घातलं असतं, हे ह्यांना पक्कं ठाऊक आहे.

१२ जानेवारी, रविवार
नको ते करून बसले.

पुन्हा उलटले. चिंगी शिडाखाली गेली आणि वर यायला वेळ लागला. आली तेव्हा ओठ निळे. हात डोक्यावर — पण असा थरथरत की डोक्यावर ठरेना. वरून जावईबापू, ‘ओढ ना! एवढंही येत नाही?’ मला काही सुधरलं नाही. बोट घातली आणि तिला मानेमागून जॅकेटला धरून वर ओढलं, लहानपणी टबातून काढायचे तशी.

ह्यांनी शिट्टी फुंकली. पोटच्या पोरीला बाद केलं. नियमाने बरोबरच.

काठावर जावई साखरेसारखे गोड. आईंनी काळजीपोटी केलं, चालायचंच, म्हणाले. हसलेसुद्धा. मग दोघं गाडीत बसले, काचा वर गेल्या. आत जावयांचं तोंड किती वेळ हलत होतं. चिंगी नुसती समोर बघत होती.

१३ जानेवारी
फोन उचलत नाही.

१६ जानेवारी
उचलला. ‘आई, तू मध्ये पडतेस आणि नंतर मला भोगावं लागतं.’ एवढंच बोलून ठेवला.

म्हणजे माझ्यामुळे! भोगावं लागतं म्हणजे काय काय, ते विचारायची हिंमत झाली नाही. पोरीला तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि मी तोंड उघडलं तर तो दुप्पट. भाजीत दोनदा मीठ पडलं. ह्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर ती संपवली.

२६ जानेवारी, रविवार
मागच्या रविवारी आलीच नव्हती. आज आली. माझ्याकडे न बघता बोट पाण्यात लोटली.

तिसऱ्या वळणावर उलटले. मी इंजिन मंद केलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. ती दोराला धरून वर चढायची, घसरायची. परत चढायची, परत घसरायची. बेकरीवाला हळूच म्हणाला, ‘ताई, जाऊ का?’

‘हात वर नाही,’ मी म्हणाले.

चिंगीने माझ्याकडे बघितलं. सरळ डोळ्यांत. आणि डोक्यावर हात ठेवला. देवा, असलं आईपण शत्रूलाही नको!

शेवटी बोट सरळ झाली. सगळ्यांच्या मागून आले. घरी हे टोपीसुद्धा न काढता खुर्चीत बसून राहिले. म्हणाले, ‘नियम मीच केलाय.’ मी म्हटलं, मग मोडा. तर म्हणाले, ‘मोडून काय? ती हात वर करणारच नाही.’

३० जानेवारी
लोकरीचे हातमोजे द्यायचं निमित्त काढून तिच्याकडे गेले. दार जावयांनी उघडलं. बसा काय, चहा काय. मी चिंगीला विचारायचं आणि उत्तर त्यांनी द्यायचं. बारीक झालीस का गं? — ‘डाएट चाललंय तिचं.’ झोप होते का? — ‘मस्त होते.’

निघताना चपला घालत तिला म्हटलं, ‘माझी बोट काही फक्त रविवारी नसते हं.’ जावई हसले, आई पण ना, म्हणाले. चिंगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला साबण. तिने हात डोक्यावर ठेवला. केसांना फेस लागला.

जिना कशी उतरले, आठवत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
आले नाहीत. बेकरीवाल्याने पाव दिला, पैसे घेतले नाहीत. त्याचाच राग आला.

४ फेब्रुवारी, मंगळवार
आज शर्यत नाही, वाराही नाही. खिडकीतून सहज बघितलं तर समोरच्या बसथांब्यावर चिंगी. घरातल्या सपाता, अंगात कोट नाही, हातात माझे मोजे. बस आली, गेली. ती तिथेच. रस्ता ओलांडेना. मी गॅस बंद केला आणि गजांना धरून उभी राहिले. हे मागे येऊन उभे राहिले. दोघंही हललो नाही.

तिने हात वर केला.

हे माझ्याआधी धावले, अनवाणी.