आयोडीनच्या शेजारचा चौकोन

प्रिय बाबा,

तुमची आवर्तसारणी आज माळ्यावरून काढली. कापडावर चिकटवलेली, शाळेत शिकवायला जाताना काखेत मारायचात तीच. जेवणाच्या टेबलावर पसरून तिच्याच एका कोपऱ्यावर वही टेकवून लिहितेय. आईसमोर घाबरायचं नाही असं ठरवलंय, मग घाबरायचं कोणासमोर?

तुम्ही गेल्यावर आईच्या गळ्याला गाठ आली. कॅन्सर निघाला. ऑपरेशन होऊन थायरॉईड काढलं आणि मी तिला दिवाळे गावातून इकडे खारघरला आणलं. सोमवारी तिला किरणोत्सारी आयोडीन द्यायचंय. डॉक्टर म्हणाल्या, उरल्यासुरल्या पेशी आधी आयोडीनसाठी भुकेल्या हव्यात, तरच त्या हे औषध ओढून घेतील. पोट भरलेल्यापुढे ताट ठेवून काय उपयोग? म्हणून दूध बंद, साधं मीठ बंद, मासळी तर अजिबात नाही.

दिवाळ्याच्या कोळणीला मासळी बंद! तरी आईने मुकाट मान डोलावली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

तुम्ही पाकिटातल्या मिठासाठी तिच्याशी किती वाद घालायचात, आठवतं? "अगं, यात आयोडीन आहे, आयोडीन!" तेच पाकीट मी घराबाहेर काढलं. हसाल तुम्ही. मला मात्र हसू येत नाही हो.

काल ऑफिसातून आले तर लिफ्टपाशीच सुक्या मासळीचा वास. दुधीच्या भाजीत जवळा! मागे गावची हिरामावशी सुक्या जवळ्याची पिशवी घेऊन भेटायला आली होती. आजारी माणसाकडे आपल्या गावची बाई रिकाम्या हाताने येईल का? तेव्हापासून आई रोज मूठभर टाकत होती.

"मासली बंद सांगितली ना? मंग मी मासली खाल्ली काय? तिखट-मीठ घालतात तसा जवला घातला. भाजीच हाय ती."

ओरडणार होते, पण ओरडू कुठल्या तोंडाने? आपल्या घरात जवळा घातलेल्या दुधीला भाजीच म्हणतात. तुम्हीही भाजी म्हणूनच दोनदा वाढून घ्यायचात. अख्ख्या गावाच्या पोरांना ही सारणी शिकवलीत, बायकोला एकदा तरी दाखवायची होती!

आज मी दाखवली. उजवीकडचा हॅलोजनांचा उभा रकाना. "हा क्लोरीन, हिरवट वायू. खाली ब्रोमीन, लालसर पातळ. त्याखाली आयोडीन, काळपट खडे. दिसायला एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही, तरी घर एकच. का? तिघांनाही एक इलेक्ट्रॉन कमी पडतो, तो कुठूनही ओढायचा हाच स्वभाव. इथे रूप बघत नाहीत, आई. ताजी कोळंबी आणि सुका जवळा, एकाच रकान्यातले."

आई सारणीवर वाकली. मग बारीक आवाजात म्हणाली, "म्हंजे मी खाल्लीच." आणि लगेच, "डाक्तरला नको सांगू. तारीक पुढं गेली तं? मना ता एकदाचा संपवायचा हाय."

काय करू, बाबा? सांगितलं तर कदाचित पुन्हा सगळं पथ्य, पुन्हा वाट पाहणं, आणि तोवर आत काय वाढेल कोण जाणे! नाही सांगितलं तर औषध फुकट जाईल. सकाळपासून फोन हातात घेते, खाली ठेवते.

मघाशी सारणी बघता बघता आईनेच आयोडीनवर बोट ठेवलं. "याच्या बाजूला कोन?"

"झेनॉन. निष्क्रिय वायू. त्याचं सगळं भरलेलं असतं, त्याला कोणाकडून काही नको."

"तुजा बाबाच तो," आई म्हणाली. "कदी काय मागितला नाय. छातीत दुखत व्हता, ता पन नाय सांगितला."

रागावलेय मी तुमच्यावर, बाबा. एक शब्द बोलला असतात तर! आई आत गेल्यावर मी रडले, अगदी तुमच्या झेनॉनवर डोकं टेकून.

आता ऐका. हे पत्र संपवलं की डॉक्टरांना फोन करणार आहे. जवळा, दुधी, सगळं सांगणार आहे. तारीख पुढे गेली तर जाऊ दे. दुखतंय ते लपवून या घरातलं आणखी एक माणूस मी जाऊ देणार नाही.

औषध दिल्यावर आईला काही दिवस वेगळ्या खोलीत राहावं लागेल, मलाही जवळ बसता येणार नाही. ही सारणी तिच्या पलंगाशेजारी लावीन, वचन देते. तिने तुमच्यासाठी निरोप दिलाय, तसाच लिहिते: "त्याला सांग, माज्या बाजूलाच ऱ्हा."

तुमची,
दर्शना