हिवाळा न पाहिलेली ब्यूइक

८ मार्च, रविवार
सासरेबुवा ईस्टरला फ्लोरिडाहून परत येतायत. म्हणजे अजून भरपूर वेळ.
त्यांची ब्यूइक गाडी आमच्या गॅरेजमध्ये असते. तिने आमच्या बफलोचा एकही हिवाळा पाहिलेला नाही, हे ते चर्चमध्येसुद्धा लोकांना थांबवून सांगतात. मला काम एवढंच: आठवड्यातून एकदा, जागच्या जागी, इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं.
ते मी ठेवलं. फक्त जागच्या जागी नाही. जानेवारीत माझ्या पिकअपचा हीटर गेला, त्याला मी काय करणार? शिवाय गाडीला व्यायाम लागतो.
आज बॅटरीच्या उजेडात पाहिलं. ड्रायव्हरच्या पायाशी, मरून रंगाच्या कार्पेटवर, बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात त्या मिठाचे पांढरे डाग. किरकोळ. पुसले की गेले.

९ मार्च
पुसले. गेले नाहीत.

१४ मार्च, शनिवार
हेलेना म्हणाली, कोमट पाण्यात व्हिनेगर घाल, फडकं पिळून नुसतं टिपून घे, आणि बाबा रे, भिजवू नकोस. बायको म्हणून चांगली आहे, पण कामात धडाडी नाही. मी बादली ओतली. डाग क्षणात गायब! तिला बोलावून दाखवलं. रिकाम्या बादलीकडे बघून आत निघून गेली. पटलं असावं.

१६ मार्च
कार्पेट वाळलं. डाग परत आले, आणि येताना सगळा गोतावळा घेऊन आले. आता पेडलपासून सीटखालपर्यंत वर्तुळात वर्तुळं. हेलेना म्हणते, खालच्या फोममधलं मीठ पाण्याबरोबर वर आलं. असेल. वर आलं म्हणजे निम्मं काम झालंच की.

२१ मार्च, शनिवार
राठ केसांचा ब्रश आणला. डाग फिके झाले. कार्पेटही झालं. एका जागी लव उडाली.
शेजारचा नॉर्बर्ट कुंपणावरून म्हणाला, ग्लेन, लेका, फोन करून सांगून टाक म्हाताऱ्याला. चार शिव्या देईल नि विसरेल. नॉर्बर्टचं लग्न झालेलं नाही. त्याला सासरा काय कळणार?

२२ मार्च
सासरेबुवांचाच फोन. आमची पोरगी कशी आहे, म्हणाले. हेलेनाबद्दल नव्हे, गाडीबद्दल. म्हटलं, मजेत, झोपलीय.
खूश झाले. म्हणाले, जावईबापू, यंदा ईस्टरच्या जेवणाची टोपली आदल्या दिवशी चर्चमध्ये आशीर्वादाला न्यायची, तेव्हा गाडी तुम्ही चालवा. मी शेजारी बसेन. इतकी वर्षं जीव होत नव्हता स्टिअरिंग द्यायचा, पण आता भरवसा बसला.
लग्नाला पंधरा वर्षं झाली. इतकं चांगलं मला ते कधी बोलले नव्हते. सांगून टाकायची हीच वेळ होती, पण त्यांचा मूड कशाला घालवा?

२८ मार्च, शनिवार
परत एक बादली ओतली होती, गॅरेजमध्ये कार्पेट काही वाळेना. गाडी रस्त्याच्या कडेला लावून चारही दारं उघडली. वारा मस्त. पहाटेचा बर्फ विसरलो होतो. पालिकेचा ट्रक मीठ उधळत गेला. निम्मं आत. ट्रकवाल्याने हात हलवला. मीही हलवला.

२ एप्रिल
नवीन मॅट टाकल्या. डाग दिसत नाहीत. प्रश्न मिटला. लोक उगाच खोलात शिरतात.

४ एप्रिल, शनिवार
सासरेबुवा आले. गाडीचं दार उघडलं, आंबट वास हुंगला. म्हणाले, जावईबापू, हिच्यात काकड्या मुरायला घातल्यात का? मी हसलो. ते हसले नाहीत.
मॅटला त्यांनी हातही लावला नाही. वाकून दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोटावरची गंजाची तांबूस पूड बघत उभे राहिले. मी म्हटलं, एकदाच काढली होती, औषध आणायला. ते म्हणाले, बरं.
ओरडले नाहीत. ओरडल्यावर काय बोलायचं ते मी पाठ केलं होतं.
स्वतःजवळची किल्लीही माझ्या हातात ठेवली. आता ही गाडी तुमचीच, म्हणाले. टोपली उचलली आणि चर्चकडे चालू लागले. हेलेना त्यांच्यामागून गेली. रस्त्यावर नुसता बर्फाचा चिखल.
मी गाडी काढली. त्यांच्या बाजूने, पावलापावलाने चालवत, खिडकी खाली करून म्हटलं, बाबा, बसा ना.
ते थांबले नाहीत. म्हणाले, नको. माझे बूट ओले आहेत. तुमचं कार्पेट खराब होईल.