गाळलेला परिच्छेद

मंगळवार, ४ मार्च
डॉक्टर म्हणाले, घरी न्या. म्हणजे काय ते मला कळतं — औषधाच्या दुकानात एकोणीस वर्षं काढलीत मी. बाबांनी विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "घरचं जेवा म्हणाले." बाबा हसले. चाळीस वर्षं लोकांच्या मरणाच्या खाटेशी बसलेला चर्चचा पाळक, त्याला मी काय फसवणार!

बुधवार, ५ मार्च
दिवसभर माणसांची रीघ. जो येतो तो बाबांचा हात धरून तेच म्हणतो — "साहेब, विश्वासणाऱ्याला मरण म्हणजे फक्त दार. अलीकडून पलीकडे." सातवा माणूस गेल्यावर बाबा म्हणाले, "हे वाक्य माझंच आहे गं. आयुष्यभर मी ते वाटत आलो, आता परत आणून देतायत."
मला हसू आलं. मग दिसलं की त्यांनी चादर मुठीत धरून ठेवलीय. बाबा घाबरलेत. माझे बाबा! शेजारचं कुत्रं सुटलं तरी न घाबरणारे. मी चादर नीट करत बसले. दुसरं काय येतं मला?

शुक्रवार, ७ मार्च
आज सांगितलं त्यांनी. जसं सांगितलं तसंच लिहून ठेवते.
इस्त्रीवाल्या मावशींचा नवरा चोवीस वर्षांपूर्वी गेला. पिऊन कालव्यात पडला. पडला की उडी मारली, कुणालाच ठाऊक नाही. बाबांना मात्र ठाऊक होतं म्हणे! दफनविधीच्या पुस्तकात शेवटाकडे एक परिच्छेद आहे. हा देह आम्ही मातीला देतो, पण आशा सोडून नव्हे. प्रभूवर विश्वास ठेवून गेलेला हा माणूस त्याच्यासोबत पुन्हा उठेल, अशा अर्थाचा. त्यात मेलेल्याचं नाव घ्यायचं असतं. बाबांनी तो गाळला. दोन पानं एकदम उलटली आणि पुढची प्रार्थना वाचली. "तो पापात गेला, असं मी ठरवलं," म्हणाले.
कुणाच्या लक्षातही आलं नाही. फक्त मावशींच्या आलं. महिनाभर आधीच त्यांच्या वडिलांना बाबांनीच माती दिली होती, तेव्हा त्यांनी तो ऐकला होता.
तरी दर शनिवारी बाबांचा पांढरा झगा मावशीच धुतात, बाबा निवृत्त झाल्यावरही. इस्त्री करून देतात आणि बाबांशी अवाक्षर बोलत नाहीत. मला वाटायचं, स्वभावच घुमा! दुसरी एक सवय आहे त्यांची. चर्चच्या मंडळीतल्या प्रत्येक दफनाला येणार, सगळ्यात मागे उभ्या राहणार आणि विधी पुरा व्हायच्या आत निघून जाणार. मी म्हणायचे, यांना काय ही हौस! आता स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.
बाबा पुढे म्हणाले, "माझ्या वेळी तो परिच्छेद वाचायचा नाही. मी लिहून नव्या पाळकसाहेबांकडे दिलंय. तू मध्ये पडू नकोस. शपथ घे." मी नाही म्हटलं. त्यांना धाप लागली. शेवटी म्हटलं — बरं. घेतली शपथ.

शनिवार, ८ मार्च
नव्या पाळकसाहेबांना गाठलं. नवे म्हणजे सहा वर्षं झाली येऊन, पण आमच्यासाठी नवेच. तेही हैराण. "मला त्यांनीच शिकवलं की अनंतकाळचं जीवन हे देणं आहे, आपली कमाई नाही. हे मी त्यांनाच कसं समजावू?"
तरी आले, समजावलं. बाबा डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "बरोबर आहे. सगळ्यांना हेच शिकवलं, आणि एका माणसाची तेवढी कमाई तपासली. आता माझी कुणी तपासली तर तक्रार कुठल्या तोंडानं करू?"
पाळकसाहेब चहा न पिताच गेले.

रविवार, ९ मार्च
उपासनेला गेले, बसले, उठले. काही कानात शिरलं नाही.
दादाचा फोन. "बाबांना सांग, प्रभू क्षमा करतो." मी म्हटलं, "तूच येऊन सांग की!" मग रडले. तोही रडला. बहुतेक.

सोमवार, १० मार्च
दुकानातून परस्पर मावशींकडे गेले. ओलं बोट इस्त्रीला लावून बघत होत्या. चर्र झालं.
म्हटलं, "मावशी, बाबांना तुम्हाला भेटायचंय."
"का? झगा नीट नाही झाला?"
"माफी मागायचीय."
त्यांनी एक बाही पुरी केली, उलटवली, दुसरी घेतली. "मग मी काय म्हणायचं, पोरी? जाऊ द्या साहेब, झालं गेलं? चोवीस वर्षं मी रोज विचारते, माझा माणूस आहे कुठे. तेवढं सांगतील साहेब?"
मी घडी केलेले कपडे उगाच सारखे करू लागले.
"मग राहू दे. मला खोटं बोलायला येत नाही. आणि मरणाऱ्या माणसापुढे तर मुळीच नाही."
राग आला मला. रस्ताभर त्यांना शिव्या दिल्या, मग बाबांना, मग स्वतःला. कुणाचीच चूक सापडेना, तसा आणखी राग आला.

मंगळवार, ११ मार्च
सकाळपासून एकच. "आल्या का?" दुपारी मी धीर करून म्हटलं, "नाही आल्या, पण निरोप दिलाय. माफ केलं म्हणाल्या."
बाबा बघत राहिले. "लहानपणापासून खोटं बोलताना डावा कान चोळतेस तू."
हात कानावरच होता माझा.
"नाही आल्या तर राहू दे," म्हणाले. "बरोबर आहे त्यांचं." आणि भिंतीकडे तोंड केलं. दुखण्यावरचं औषध वाढवलं मी. त्या दुखण्यावर ते चालत नाही.

बुधवार, १२ मार्च
बाबा गेले. सकाळी, सव्वाआठला. शेवटपर्यंत भीत होते. मी हात धरला होता. दार-बिर काही दिसलं नाही मला.

गुरुवार, १३ मार्च
दादा आला. मावशींनी झगा पाठवला. एकही सुरकुती नाही, कॉलरसुद्धा कडक. तोच घातला बाबांना.
पाळकसाहेबांना म्हटलं, वाचा हो तो परिच्छेद, मी पाया पडते. ते म्हणाले, "त्यांच्या हाताची चिठ्ठी आहे माझ्याकडे. आणि तुम्ही शपथ घेतलीय ना?"
घेतलीय. कुठून दुर्बुद्धी झाली!

शुक्रवार, १४ मार्च
पाळकसाहेबांनी दोन पानं एकदम उलटली. मी बघितलं. पुढचं वाचायला तोंड उघडलं, तोच मागून आवाज आला — "थांबा."
मावशी. हातात पुस्तक नाही, काही नाही. अख्खा परिच्छेद म्हटला, शब्द न् शब्द. चोवीस वर्षांत मंडळीतल्या प्रत्येक दफनाला तेवढाच ऐकायला त्या येत होत्या, आणि तो संपला की जात होत्या. नावाची जागा आली. आधी नवऱ्याचं नाव घेतलं. मग बाबांचं घेतलं.
आमेन सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हटलं.
आज त्या शेवटपर्यंत थांबल्या.